हस्तांतरण पूर्ण

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस तुरुंगात आहे, असं मशीनचं म्हणणं होतं.

मी तीनदा तपासलं. नाव प्रज्वल चोपडे, वय एकतीस. सद्यःस्थान: जिल्हा कारागृह. स्थिती: पुनःअटक. आणि हा प्रज्वल माझ्या टेबलावरचा पेपरवेट गरगर फिरवत बसला होता. सरकारी कार्यालयांतून कागद जाऊन दहा वर्षं झाली, पेपरवेट मात्र कुणी परत मागितले नाहीत.

"मॅडम, लवकर करा ना," तो म्हणाला. "बाहीर माय उभी हाय उन्हात."

"अरे, तुझं औषध भरता येत नाही. तू तुरुंगात आहेस."

"कोन, मी?" त्याने स्वतःकडे वाकून पाहिलं. "शनिवारी सुटलो ना मी."

"मला दिसतंय रे. याला दिसत नाही." मी स्क्रीनवर बोट आपटलं. मंगळवारी सकाळी साडेअकरालाच माझं डोकं तापलं होतं.

मी निर्मला ताकसांडे. वऱ्हाडातल्या आमच्या जिल्ह्याच्या 'पुनरारंभ' केंद्राची समुपदेशक. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला उपचार, निवारा आणि काम मिळवून द्यायचं, अशी ही सरकारी योजना. उद्घाटनाला मोठा मांडव होता. नंतर उरल्या त्या दोन खोल्या, दोन खाटा आणि मी. खाटाही नावाला. त्यांच्यावर जनजागृती सप्ताहाच्या फलकांची खोकी रचून ठेवलेली. सप्ताह कधी येतो याची वाट बघत ती खोकी दीड वर्ष झोपली होती.

हे औषध भरतात ते मण्यात. मणी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझा वैताग समजायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी योजनेत मणी आला. चवळीच्या दाण्याएवढा, दंडात कातडीखाली बसवतात, अंगाच्या उबेवर चालतो. नशेची पावडर किंवा गोळ्या सोडलेल्या माणसाला तलफ येते ती एकाएकी येत नाही. आधी वीस-पंचवीस मिनिटं शरीराची तयारी चाललेली असते. ताणाची रसायनं वाढतात, हृदयाच्या ठोक्यांची नेहमीची किंचित मागेपुढे होणारी लय एकसुरी होते, कातडीखालच्या पाण्यातले क्षार बदलतात. माणसाला यातलं काही कळत नाही, मण्याला कळतं. तो औषधाचा एक सूक्ष्म थेंब सोडतो. मेंदूत पावडर जिथे जाऊन बसते त्या जागा हे औषध आधीच अडवून ठेवतं. तलफ येते, दार बंद बघते आणि परत जाते. मण्यात अठ्ठावीस दिवसांचं औषध मावतं, मग सुईने पुन्हा भरायचं.

खरं सांगते, मणी चांगला आहे. मी त्याआधीची वर्षंही पाहिली आहेत. तेव्हा माणूस सुटायचा आणि आठ दिवसांत कुठल्यातरी पुलाखाली सापडायचा. कारण आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर हात मात्र जुनंच माप घेतो. श्वास बंद पडायला तेवढं पुरतं. मणी एकाएकी रिकामा झाला तर धोका आणखी मोठा. अडवून ठेवलेल्या जागा मोकळ्या होतात त्या दुप्पट हावऱ्या होऊन. म्हणून मणी कोरडा पडू द्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

आता गोम ऐका. लोक औषध उपसून विकतील या भीतीने मण्याला कुलूप आहे. किल्ली म्हणजे सर्व्हरवरून येणारा लांबलचक आकडा. माणूस आत असेपर्यंत किल्ली कारागृहाच्या हातात, बाहेर आला की आमच्या. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी चालत नाहीत. माणूस आत आहे की बाहेर हे ठरवतो 'दुवा' नावाचा सरकारी कारभारी, म्हणजे ज्याच्याशी मी मघापासून भांडत होते ते मशीन. आणि प्रज्वलच्या मण्यात औषध उरलं होतं शुक्रवारी दुपारपर्यंतचं.

मी मदत क्रमांकाला फोन लावला. गोड आवाजातली बाई म्हणाली, "आपला लाभार्थी पुनःअटकेत असल्यास कृपया संबंधित कारागृहाशी संपर्क साधा." कारागृहाला लावला. तिथला लिपिक म्हणाला, "मॅडम, तो आमच्याकडून शनिवारीच वजा झाला. आमची किल्ली त्याला लागत नाही."

"मग तो आहे कुठे?"

"तुमच्याकडं हाय म्हनता ना?"

शेवटी पुण्याच्या सर्व्हर कक्षात अन्वी केळुसकर नावाची मुलगी सापडली. दुवाची देखभाल करणाऱ्यांपैकी ती एक. तिने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, हेच मला आधी संशयास्पद वाटलं.

"मॅडम, शनिवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी तुमचा अंगठा आहे," ती म्हणाली. "'बंदी कारागृहाच्या दारावर प्रत्यक्ष ताब्यात घेतला. हस्तांतरण पूर्ण.' बरोबर?"

"हो."

"पण त्याचा मणी रविवारी सकाळी साडेसातपर्यंत कारागृहाच्या आवारातच आहे. म्हणजे तुम्ही त्याला बाहेर घेतलंत आणि तो परत आत गेला. दुवाला याचा एकच अर्थ लागतो. पुन्हा अटक. आणि एकदा अटक धरली, की मणी पुढे कुठे फिरतो ते तो बघत नाही."

मी फोन ठेवला आणि प्रज्वलकडे पाहिलं. "शनिवारी सुटलास ना? मग शनिवारची रात्र आत काय करत होतास?"

त्याने पेपरवेट सोडला. "मायले विचारा."

त्याची आई बेबीनंदा चोपडे आत आली. पदराने कपाळ पुसत, पायांतल्या चपला दाराबाहेर काढून. मी कितीदा सांगितलं तरी त्या चपला बाहेरच काढतात.

"शनिवारी अमावास्या होती, मॅडम," त्या म्हणाल्या. "पितरायची. अडीच वरसानं पोरगं घरी येनार आन् अमावास्येले उंबरठ्यात पाय टाकनार? म्या जेलच्या तायडे साहेबाले हात जोडले. म्हनलं, आजची रात ठेवा, उद्या घट बसतात, उद्या नेतो."

"आणि त्यांनी ठेवला?"

"देवमानूस हाय थो. म्हने, माय, मी हे काही मानत नाई, पन तुमचा जीव घाबरा होते तर झोपू द्या त्याले इथं. दवाखान्यातल्या खाटेवर झोपवलं. सकाळी चहा पाजून पाठवला."

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सुटलेला माणूस तुरुंगात पाहुणा म्हणून राहिला! दुवा बनवणाऱ्यांनी शंभर शक्यता धरल्या असतील. माणूस पळेल, लपेल, मणी कापून फेकेल. पण त्याची आई अमावास्या आहे म्हणून त्याला तुरुंगातच ठेवायला सांगेल आणि तुरुंगाधिकारी ऐकेल, हे पुण्यात बसून कुणाला सुचणार?

"अहो बेबीताई, एक फोन तरी करायचा मला!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "केला होता ना. शुक्रवारी."

आणि मला आठवलं. केला होता. 'तुमच्याकडे दोन खाटा हाय म्हनतात, एक रात ठेवता का,' असं त्या विचारत होत्या, आणि मी समोरच्या तक्त्यातला आकडा जुळवत म्हणाले होते, की बेबीताई, हे केंद्र आहे, धर्मशाळा नाही, आणि अमावास्या-बिमावास्या माझ्याकडे चालत नाही. फोन मीच ठेवला होता.

प्रज्वलला म्हटलं, उद्यापर्यंत बघते.

बुधवारी मी बेबीताईंना घेऊन बसने कारागृहावर गेले. चौदा किलोमीटरला पाऊण तास. तुरुंगाधिकारी रत्नाकर तायडे उंच, वाकलेले, निवृत्तीला दहा महिने राहिलेले. त्यांनी आधी बेबीताईंना खुर्ची दिली, मग मला.

"मॅडम, उपाय तीन दिसतात," सगळं ऐकून ते म्हणाले. "एक, मी लिहून देतो की सुटका झालेल्या माणसाला मी रात्रभर आत ठेवलं. कायद्यात त्याला बेकायदा डांबणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी निलंबित. चौकशी होईपर्यंत प्रज्वलची फाईलही पुरावा म्हणून बंद, म्हणजे त्याला औषध नाहीच."

"दुसरा?"

"या माऊलीने माझ्याविरुद्ध तक्रार द्यायची. तक्रारदाराच्या मुलाला तातडीचे उपचार देण्याची तरतूद आहे. एका दिवसात किल्ली मिळेल."

बेबीताई उठूनच उभ्या राहिल्या. "म्या नाई देनार. काहीही झालं तरी नाई देनार. ज्यानं माह्यं ऐकलं त्याच्यावरच उलटू? मले नरकातबी जागा भेटनार नाई."

"बसा, बेबीताई. कुणी तुम्हाला द्यायला लावत नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे मी तेच सांगायला त्यांना घेऊन आले होते.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

तायडे साहेब म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. शनिवारी दहा वाजता मी दारावरच होतो. तुम्ही नव्हता."

राग कसा नाही मानायचा? मी तिथल्या तिथे तडकले. केंद्राला गाडी नाही. सुटका दहाला आणि राज्याची रोजची व्हिडिओ बैठकही दहाला. सव्वादहापर्यंत अंगठा लागला नाही, तर नकाशावर आपला जिल्हा लाल होतो आणि दिवसभर फोन येत राहतात. अंगठ्याचं यंत्र दारावर बसवायचं होतं, तिथे नेटवर्क मिळेना, म्हणून बसवणाऱ्यानेच ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. मी काय करायचं होतं? सुटलेली माणसं एक-दोन दिवसांत आपली आपण येतातच. शहरातली माझ्याकडे, खेड्यांतली तालुक्याच्या आरोग्य केंद्रात. सगळे जिल्हे असंच करतात!

"मी कुठे काय म्हटलं?" तायडे साहेब म्हणाले. "उपाय विचारलात म्हणून सांगितलं."

परतीच्या बसमध्ये मी बेबीताईंशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी पिशवीतून डब्बा काढून मला अर्धी भाकर दिली. मी ती खाल्लीसुद्धा, आणि स्वतःचीच चीड आली.

गुरुवारी सकाळी मी अन्वीला फोन केला. "समजा, मी नोंद दुरुस्त केली. त्या दिवशी मी दारावर नव्हते, असं लिहिलं. तर?"

"तर प्रज्वलचं हस्तांतरण अपूर्ण धरलं जाईल. म्हणजे तो अजून सुटलेलाच नाही. किल्ली कारागृहाकडे जाईल. ते औषध भरतील आणि तुम्ही दारावर जाऊन त्याला रीतसर घ्यायचं. तायडे साहेबांनाही काही होणार नाही, कारण जो सुटलाच नव्हता त्याला आत ठेवण्यात गुन्हा कसला?"

"मग हे तू मंगळवारीच का नाही सांगितलंस?"

"कारण मॅडम, कारण लिहावं लागेल. यंत्र दारावर नसून तुमच्या टेबलावर आहे, हेच कारण ना? ते लिहिलंत की त्या यंत्रावरचे सगळेच अंगठे खोटे ठरतात. दुवा मागे जाऊन सगळे तपासेल. किती आहेत तुमचे?"

"एकसष्ट."

"एकसष्ट माणसं पुन्हा बंदी होतील. कागदावर. त्यांना परत दारावर बोलावून एकेक ताब्यात घ्यावं लागेल. आणि तुमची चौकशी लागेल ती वेगळीच."

मी योजनेच्या उपसंचालकांना विचारलं. ते म्हणाले, "ताकसांडे, आपला जिल्हा सलग सात तिमाह्या पहिला आहे. एका माणसासाठी सगळं उधळू नका. त्याला चार दिवस सांभाळायला सांगा घरच्यांना." सांभाळायला! जणू ते दूध होतं, उतू जाऊ नये म्हणून बघत बसायला.

पण खोटं कशाला सांगू, मला ते पटलंही होतं. एकसष्ट माणसं. कुणी मिलमध्ये लागलेलं, कुणी लग्न केलेलं, कुणी सासुरवाडीला तुरुंगाबद्दल काहीच न सांगितलेलं. त्यांना मोबाईलवर निरोप जाणार, की तुम्ही बंदी आहात, हजर व्हा. आणि माझी नोकरी. अकरा वर्षं या खुर्चीत काढून शेवटी खोटा अंगठा लावणारी बाई म्हणून जायचं?

दुपारी तीनला प्रज्वल आला. एकटाच. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, जांभया आवरत नव्हत्या, नाकातून पाणी गळत होतं. औषध संपत आलं की मणी जपून सोडतो, आधी अर्धा थेंब, मग पाव. तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची हलायला लागली.

"मायनं नाई पाठवलं, मीच आलो," तो म्हणाला. "बंट्या दोनदा घरी येऊन गेला. माहा जुना दोस्त. दुसऱ्या वक्ताले मी त्याच्यासंग निंघालो होतो मॅडम. चप्पल घातली होती."

"मग?"

"मग काय, कोपऱ्यावरून इकडं वयलो. मले कुठंतरी कोंडा. उद्यापरेंत कोंडा. मायच्यानं माहं दार धरनं होत नाई."

त्याला कोंडायला माझ्याकडे खोली होती, खाट होती. मी उठले आणि जनजागृतीची खोकी ओढून खाली टाकायला लागले. एक फुटलं, त्यातून फलक निघाले. 'व्यसनमुक्त समाज, आपली सर्वांची जबाबदारी.' मी ते सगळे फलक पायाने कोपऱ्यात ढकलले. मला इतका संताप आला होता, की कुणाचा ते समजत नव्हतं. उपसंचालकांचा, दुवाचा, बेबीताईंच्या पितरांचा, आणि शुक्रवारी एका फोनवर ही एवढीशी खाट नाकारणाऱ्या बाईचा. सात मिनिटं लागली मला ती खाट रिकामी करायला. सात मिनिटांचं काम होतं.

तो आडवा झाला. मी बेबीताईंना फोन करून बोलावून घेतलं, त्यांना दारात बसवलं आणि टेबलाशी गेले. दुरुस्तीचा तक्ता उघडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'अंगठ्याचं यंत्र पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर आहे. मी एकदाही दारावर गेलेले नाही.' आणि अंगठा लावला.

दुवाने चार सेकंदसुद्धा घेतले नाहीत. एकसष्ट हिरवे ठिपके एकामागोमाग एक लाल झाले. वर सूचना आली: 'सर्व संबंधितांना व त्यांच्या कुटुंबीयांना निरोप पाठवण्यात आला आहे. हस्तांतरण शुक्रवारी सकाळी दहापासून, कारागृहाच्या मुख्य दारावर.' मग फोन वाजायला लागले. लोकांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि सगळं रास्त होतं. प्रत्येकाला मी एकच सांगितलं, की आत जायचं नाही, दारावर माझ्याशेजारी अंगठा लावायचा आणि परत फिरायचं. चूक माझी आहे.

शुक्रवारी तायडे साहेबांनी दाराबाहेर कडुनिंबाखाली टेबल लावलं होतं, शेजारून शामियान्याच्या खुर्च्या आणवल्या होत्या, आणि नेटवर्कसाठी भिंतीवरून एक लांब वायर सोडली होती. दोन वर्षं जे जमत नव्हतं ते एका वायरीने जमलं. मी वायरीकडे बघून दात-ओठ खाल्ले आणि बसले.

आत जावं लागणार होतं ते फक्त प्रज्वलला, कारण औषध कारागृहाच्या दवाखान्यात भरायचं होतं. मोठ्या दारातला छोटा दरवाजा उघडला तेव्हा तो मागे सरला. त्याचे दात वाजत होते.

"मॅडम, हे पुन्हा उघडन ना?"

"उघडेल."

"तुमचं मशीन काही बी म्हनते."

"मशीन गेलं खड्ड्यात. मी इथे बसलेय. तू बाहेर आल्याशिवाय उठत नाही."

बेबीताईंनी त्याचा दंड धरला होता तो सोडला. तो वाकून आत गेला. त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. जमलेली माणसंही बोलायची थांबली. मला शिव्या द्यायला आलेली सगळी माणसं त्या दरवाजाकडे बघत होती, कारण प्रत्येकजण कधीतरी त्यातून बाहेर आला होता.

बावीस मिनिटांनी तो बाहेर आला. दंडावर कापूस, चेहरा पांढराफटक. अजून बरं वाटायला तासभर लागणार होता, पण मणी भरला होता. मी त्याचा अंगठा धरून यंत्रावर ठेवला, शेजारी माझा. तो माझा हात सोडेना. मीही लगेच सोडवून घेतला नाही. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

मग एकेकाला नाव घेऊन बोलावलं. त्यातले निम्मे चेहरे मी पहिल्यांदा बघत होते. एकजण मिलचे कपडे घालून आला होता, अर्ध्या दिवसाची सुटी टाकून. एकाच्या कडेवर मुलगी होती. एक म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी इथं एक वाजेपर्यंत उभा होतो. वाटलं, तुमी येसान." मी म्हटलं, "चुकलं माझं." दुपारी दोनपर्यंत हे वाक्य मी बऱ्याचदा म्हटलं. ते सोपं होत नाही.

बावन्न झाले. नऊ नावांना कुणी ओ दिली नाही.

मी अन्वीला फोन लावला. "या नऊ जणांचे मणी कुठे आहेत ते बघ."

तिने एकेक नाव तपासलं. "दिसत नाहीयेत."

"दिसत नाहीत म्हणजे? काल दुपारपर्यंत सगळे हिरवे होते माझ्याकडे."

"मॅडम, मणी बोलायचा थांबला की दुवा दोन गोष्टी धरतो. एक, माणूस नेटवर्क नसलेल्या गावी आहे. दोन, औषधाची मागणी नाही, म्हणजे तलफ येत नाही, म्हणजे प्रकृती उत्तम." तिचा आवाज बारीक झाला. "नऊपैकी सात मणी सुटकेनंतर पहिल्या पंधरा दिवसांतच गप्प झालेत. ते... ते आपल्या सर्वोत्तम रुग्णांच्या यादीत आहेत. मी आत्ता पाहिलं."

मी फोन टेबलावर ठेवला. सलग सात तिमाह्या पहिला आलेला आमचा जिल्हा.

खुर्च्या उचलायला माणूस आला होता. शेवटच्या रांगेत एक म्हातारा अजून बसून होता. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. सकाळपासून तो तिथेच होता. मला वाटलं होतं, कुणाबरोबर तरी आला असेल.

"बाबा, तुमचं कोण?"

तो उठून टेबलापाशी आला. "आशिष ढगे. माहा पोरगा. मी पुंडलिक ढगे, डोंगराकडून आलो. पहाटची बस धरली." त्याने यादीकडे बोट केलं. "तुमी त्याचं नाव घेतलं मघा. मले वाटलं, आतून आनाल त्याले. म्हून बसलो."

आशिष ढगे. नऊमधला चौथा. मी तायडे साहेबांकडे पाहिलं. ते वायर गुंडाळत होते, ते थांबले.

"होळीच्या आधी सुटला तो," ते हळू म्हणाले. "इथेच झाडाखाली बसला होता. दुपारी मी सांगितलं, बाबा, मॅडमची वाट बघू नको, केंद्रावर जा. तो गेला."

म्हाताऱ्याला ते नीट ऐकू आलं नसावं. तो माझ्याशीच बोलत होता. "म्या घ्यायले येनारच होतो त्याले. निंघालोच होतो, तर मोबाईल वाजला. तुमी त्याले ताब्यात घेतलं म्हून. मंग म्हनलं, बरं झालं, बाई सांभाळतीन, दवापानी होईन. आपन जाऊन कायले मधात पडाचं? दर महिन्याले निरोप येते, प्रकृती स्थिर. त्याच्या मायले वाचून दाखोतो मी." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. आत धुऊन घडी घातलेला शर्ट आणि पँट होती. "काल निरोप आला की आज घेऊन जा. तर नेऊ ना त्याले?"

बेबीताई प्रज्वलला धरून बसथांब्याकडे निघाल्या होत्या. त्या मागे वळून उभ्या राहिल्या.

मी खुर्चीतून उठले. "बाबा," मी म्हटलं, "तो माझ्याकडे आलाच नाही. मी त्या दिवशी इथे नव्हते. तो कुठे आहे, मला माहीत नाही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला काही समजत नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, बोटाने वर-खाली करून होळीआधीचा तो निरोप शोधला आणि स्क्रीन माझ्या डोळ्यांपुढे धरली.

"पन बाई, हे पाहा ना," तो मला समजावत म्हणाला. "याच्यात तर लिवलं हाय."